कोरडं झालं की आवाज द्या

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा. ट्रंक हरवली नाही, छत्री हरवली नाही. चष्मा तेवढा डोक्यावर ठेवून सगळ्या बसमध्ये शोधला, शेजारच्या बाईनं सांगितलं तेव्हा कळलं. लेक दारातच उभी होती. दिवस भरत आलेत तिचे, पोट चांगलंच पुढे आलंय. नमस्काराला वाकायला लागली तर मीच ओरडलो, अगं वाकू नकोस, वाकू नकोस. जावई मागून हसले आणि म्हणाले, मामा, पाय आत टाकायच्या आधीच काळजी सुरू?

घर कारखान्याचं आहे. दोनच खोल्या, पण भिंती कोरड्या, नळाला पाणी. माझा बिछाना बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या कोपऱ्यात. लेक म्हणाली, सध्या इथे झोपा, पुढे पाळणा याच कोपऱ्यात येईल, तेव्हा तुमचं काय ते बघू. बघू म्हणजे काय ते मी विचारलं नाही. आनंदाच्या दिवशी खुसपट कशाला काढा.

माझी जुनी भाड्याची खोली सोडून दिली. ही गेल्यापासून तिथे एकटाच होतो. गोदामाची राखण होती तोवर बरं होतं, निदान उंदरांशी तरी भांडता यायचं. तीही सुटली आणि मग भिंतीशी बोलत बसायचो. पुन्हा तसं राहणं माझ्यानं होणार नाही. इथे पडेल ते काम करीन, पण या कोपऱ्यातून हलणार नाही.

ही वही लेकीनं दिली. म्हणाली, बाबा, दिवसभर जे बोलावंसं वाटेल ते यात लिहा, आमच्या कानांना तेवढीच सुट्टी. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे. लिहीन.

मंगळवार, ४

आज कामावर रुजू झालो. या वयात! जावयांनी शब्द टाकला म्हणून. ते इथे वेल्डर आहेत, जाड पोलादाच्या टाक्या जोडतात. एकेक टाकी घराएवढी. मला रॉडची, म्हणजे वेल्डिंगच्या कांड्यांची खोली दिली आहे. या खोलीत नेहमी कामगारांपैकी कुणाच्या तरी घरचा म्हाताराच ठेवतात, तशी इथली रीतच आहे. फोरमन म्हणाला, म्हातारं माणूस रॉड आणि नातवंड सारख्याच काळजीनं जपतं. मला बरं वाटलं.

खोली पत्र्याची, बिनखिडकीची. आत कपाटाएवढ्या दोन भट्ट्या, एक कडक आणि एक मंद. नवे रॉड पुड्यातून काढून कडक भट्टीत भाजायचे, मग मंद भट्टीत गरम ठेवायचे. वेल्डर आला की त्याच्या गरम डब्यात थोडे थोडे द्यायचे. उरलेले परत आले तर एकदा पुन्हा भाजायचे, दुसऱ्यांदा आले तर सरळ भंगारात.

एवढे लाड कशाला, असं मी विचारलं. फोरमननं सांगितलं की रॉडवरचा हा खडूसारखा थर हवेतली ओल पितो. वेल्ड करताना त्या ओलीतून हायड्रोजन सुटतो आणि पोलादात शिरून बसतो. साधं लोखंड मऊ, ते सोसून घेतं. हे पोलाद कडक, हे वाकत नाही, तडकतं. म्हणून हे रॉड लो-हायड्रोजनचे, आणि म्हणून त्यांना हाडासारखं कोरडं ठेवायचं. ओला हात लावायचा नाही. पाणी प्यायचं ते खोलीबाहेर. रडायचं असेल तर त्याच्याही बाहेर, असं मागून एक जण म्हणाला आणि सगळे खो खो हसले. तो ग्राइंडर चालवतो, दिवसभर त्याचं घूं घूं चालू असतं, म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणतात.

मांडणीखाली चपलांचा एक जोड सापडला. आधीच्या म्हाताऱ्याचा असणार. चामडं उन्हात टाकल्यासारखं वाळलंय, पण तळ शाबूत आहे. घालून पाहिला, माझ्या पायाला अगदी बेतल्यासारखा. माझ्या चपलेचा अंगठा तुटायला आलाच होता. देवानंच ठेवला म्हणायचा.

गुरुवार, ६

काम अंगवळणी पडतंय. भट्टीचं दार लागलं की नाही हे मी परत परत जाऊन बघतो. फोरमन म्हणतो, दार झिजेल हो बाबा.

आज टाकी आतून पाहिली. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात, बाहेरची धूळ आणि ओल आत जाऊ नये म्हणून. वेल्डर लोकांचे आतले कापडी बूट वेगळे असतात, मी आपला अनवाणी. टाकीच्या पोटाला एकच गोल तोंड, माणूस कसाबसा शिरेल एवढं. आत बोललं की आपलाच आवाज आपल्या मागून येतो.

जोड पूर्ण झाला की टाकीला शेक देतात. बाहेरून तापवायच्या गाद्या बांधायच्या, वरून जाड कांबळी गुंडाळायची, तोंड बंद करायचं आणि तापवत ठेवायचं, म्हणजे आत राहिलेला हायड्रोजन निघून जातो. बाळंतिणीला देतात तसा शेक, जावई म्हणाले. लेकीची आठवण होऊन मला हसू आलं.

कारखान्याच्या अंगणात एक पुरी झालेली टाकी गाडीची वाट बघत उभी आहे. तोंडाला झाकण, झाकणाला बोल्ट. भुंगा रोज तिच्या सावलीत डबा खातो. खाऊन झालं की पान्यानं तिच्यावर तीनदा ठोकतो आणि विचारतो, काय म्हातारबा, झोप झाली का? मग सगळे हसतात. मीही हसलो. जोक कळला नाही, पण नवा माणूस हसला नाही तर बरं दिसत नाही.

शनिवार, ८

लेक काल कुरकुरत होती, यांना रोज गार जेवण जेवावं लागतं, पोटात दुखतं, मग माझ्यावर चिडतात. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आज जावयांचा डबा मी मंद भट्टीत ठेवला, रॉडच्या खालच्या कप्प्यात, कोपऱ्यात. दुपारी उघडला तर पातळ भाजी रटरटत होती! जावई मिटक्या मारत जेवले. म्हणाले, मामा, तुम्ही आलात आणि माझं नशीब उघडलं.

आता रोज ठेवणार. जावयांचे रॉडही मी त्याच कप्प्याच्या वर वेगळे ठेवतो, म्हणजे ते आले की लगेच हाताशी. घरच्या माणसाला तेवढं झुकतं माप द्यायला काय हरकत आहे?

रात्री लेकीनं माझ्या ताटात आपल्या हातानं वाढलं.

बुधवार, १२

जावयांचा मोठा जोड पुरा झाला. वरून बघायला गेलं तर माशाच्या खवल्यांसारखा सुरेख. मी म्हटलं, आता तपासून घ्या आणि मोकळे व्हा. फोरमन म्हणाला, लगेच तपासून उपयोग नाही. आज सगळं ठणठणीत दिसेल. हायड्रोजन आत दबा धरून बसतो आणि दोन दिवसांनी तडकवतो, म्हणून थांबायचं. भुंगा म्हणाला, पोलाद मनात ठेवतं बाबा, तोंडावर गोड राहतं.

दुपारी सगळे जेवायला गेले होते, कारखाना शांत होता. जावयांच्या टाकीजवळून जाताना टक् असा आवाज आला. बोट मोडल्यासारखा. मी थांबलो. पुन्हा काही नाही.

शुक्रवार, १४

तडा निघाला. केसाएवढा. मशीन लावलं तेव्हा दिसला. जावयांचाच जोड.

सगळा जोड खरवडून काढून परत भरायचा. इथला नियम असा की ज्याची चूक, त्यानंच ती काढायची. जावई दिवसभर आत होते. फोरमननं सगळ्यांदेखत सांगितलं, पुन्हा तडा निघाला तर वेल्डरचा दाखला जाईल, आणि दाखला गेला की घर रिकामं करायचं. लेकीला सांगायची हिंमत कुणाची? जावयांनीच सांगितलं. ती पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय केलंय?

आज जेवणं झाल्यावर अंगणातल्या टाकीतून ठोकल्याचा आवाज आला. तीनदा. मला वाटलं भुंगा. भुंगा माझ्या शेजारी बसून दात कोरत होता.

फोरमन म्हणतो, ऊन-सावलीत पोलाद बोलतंच.

मंगळवार, १८

देवा.

डबा काढायला भट्टी उघडली. आज चष्मा पुसून ताजा घातला होता म्हणून दिसलं. दाराच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. डब्याच्या झाकणातून वाफ निघतेय आणि वर कुठे जातेय तर जावयांच्या रॉडवर. रोज. मी रोज त्यांचे रॉड वाफवतोय, आणि त्याच रॉडनं त्यांनी जोड परत भरलाय.

मी डबा बाहेर काढला आणि कोपऱ्यात उभा राहिलो. ओरडून सांगावं की गप्प बसावं? सांगितलं तर मला काढतील. परत त्या भाड्याच्या खोलीत. तीही आता दुसऱ्या कुणाची. न सांगावं तर — कदाचित या खेपेला तडकणार नाही. नसेल तडकत. प्रत्येक वेळी थोडंच तडकतं.

ते रॉड भंगारात टाकले. दार चार-पाच वेळा पुसलं.

गुरुवार, २०

तडकला.

मी ऐकलं. सकाळी, सगळ्यांच्या आधी. टक्. माझ्या बरगडीत झाल्यासारखं.

संध्याकाळी घरी जाताना जावयांना सगळं सांगितलं. डबा, वाफ, सगळं. वाटेत थांबून सांगितलं, पाय धरायला वाकलो तर त्यांनी उचललं. मला वाटलं मारतील. मारलं नाही. माझ्या सदऱ्याची धूळ झटकली. मग म्हणाले, मामा, हे अजून कुणाला बोललात? नाही म्हटलं. म्हणाले, बरं केलंत, मी फोरमनशी बोलतो, तुम्ही काळजी करू नका, चला, जेवायची वेळ झाली.

काळजी करू नका म्हणाले. रागावले नाहीत. सोन्यासारखा माणूस.

शुक्रवार, २१

आज दोघंही माझ्याशी किती गोड वागतायत! लेकीनं माझा सदरा धुऊन इस्त्री केली. केस विंचरून दिले, लहानपणी मी तिचे विंचरायचो तसे. जावयांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. फोरमनही मान हलवून हसला, काही विचारलं नाही. भुंगा म्हणाला, बाबा, मजा आहे तुमची, आता आराम.

जावयांनी फोरमनशी बोलून ठेवलंय. फोरमन म्हणाला, वेल्डरचा दोष नाही, ओल रॉडच्या खोलीतून आली, मग दाखला कशाला जाईल? ज्याची ओल त्यानं पुसायची. जोड नवीन भरला की मी टाकीत जाऊन आतली भिंत सुती कापडानं कोरडी करायची, मग शेक. बस्स एवढंच! मी एवढा घाबरलो होतो. कापड तर मी दिवसभर मारीन.

पण रात्री जेवताना काहीतरी आठवलं. तोंडावर गोड राहतं, असं कोण म्हणालं होतं? मागे लिहिलंय मी.

शनिवार, २२

चपला. त्या चपला कुणाच्या?

फोरमनला विचारलं, आधीचा बाबा कुठे गेला? तो म्हणाला, थकला, काम सोडलं. जावयांना विचारलं. ते म्हणाले, धाकट्या मुलाकडे राहायला गेला. मग भुंग्याला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, अहो, माझाच बाप तो. धाकटा कुठला, मी एकुलता एक. मी विचारलं, मग आता कुठे आहेत? त्यानं अंगणाकडे बघितलं. म्हणाला, शेवटच्या टाकीच्या वेळी त्याच्याही हातून ओल गेली होती. पुसायला गेला. आता घर कसं मोकळं मोकळं वाटतं.

मी पायातल्या चपला काढल्या. आत जाताना चपला बाहेर काढायच्या असतात. बाहेर आल्यावर घालायच्या असतात. त्या तिथेच राहिल्या. वाळल्या.

अंगणातली टाकी आज गाडीवर चढवली. साखळदंड लावताना आतून ठोकलं. तीनदा, मग थांबून तीनदा. सगळ्यांनी ऐकलं. क्रेनवाल्यानं ऐकलं. भुंग्यानं पान्यानं उत्तर दिलं आणि ओरडला, सांभाळून जा म्हातारबा! सगळे हसले.

मी नाही हसलो. त्यांनी ते बघितलं.

रविवार, २३

सुट्टी. लेकीला म्हटलं, मी जातो, कुठेही जातो, पडवीत पडेन कुणाच्या, स्टेशनात पडेन. ती माझे कपडे घड्या करत होती. म्हणाली, बाबा, असं कसं, उद्याचं तेवढं काम उरका, मग बघू. मी विचारलं, बघू म्हणजे काय? तिनं आणखी एका सदऱ्याची घडी घातली. मग म्हणाली, यांचा दाखला गेला तर मी या पोटाला घेऊन कुठे जाऊ, ते सांगा. तिचे डोळे कोरडे होते. अगदी कोरडे.

चूक माझीच. डबा मी ठेवला.

ट्रंक नेहमीच्या जागी नाही.

पळालो तर दाखला जाणार. दाखला गेला तर घर. पोर रस्त्यावर बाळंत होईल. आणि उगाच भीती असेल तर? म्हाताऱ्याचं डोकं, काहीही विचार करतं. भुंग्याची जीभ काळीच आहे. जाऊन पुसायचं आणि बाहेर यायचं. चपला दारातच ठेवीन. दिसतील अशा.

सोमवार, २४, सकाळ

उठलो तर पाळणा आलाय. माझ्या बिछान्याच्या जागी. बिछाना गुंडाळून दाराबाहेर.

छान आहे पाळणा. लाकडी. हलवून पाहिला.

लेकीनं आज डबा एकच भरला. जावयांचा.

सोमवार

आत आहे. बॅटरी आहे, ही वही खिशात होती.

फोरमननं कापडाचं बोचकं दिलं. जावयांनी हात धरून आत सोडलं. पाय सांभाळा मामा, म्हणाले. चपला मी टाकीच्या तोंडाशी ठेवल्या, बाहेर. भुंग्यानं उचलल्या. मी बघितलं. नेऊन मांडणीखाली ठेवणार असेल.

जावई त्या तोंडातून आत वाकून म्हणाले, घाई करू नका, कोरडं झालं की आवाज द्या. मग झाकण.

बोल्ट. एकेक. मी ओरडलो. माझाच आवाज मागून आला.

मग पान्याचा आवाज थांबला. बाहेर कुणीतरी जेवणाचं विचारत होतं. मंद भट्टीत ठेवू का, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. जावईही. त्यांचं हसणं ओळखतो मी.

पुसतोय

भिंत कोमट झाली. पाय टेकवत नाहीत. सदरा काढून त्याच्यावर उभा आहे. इस्त्रीचा सदरा.

आवाज दिला. कोरडं झालं म्हणून. खोटं नाही, बघितलं मी, सगळीकडून कोरडं. तीनदा ठोकलं. थांबलो. पुन्हा तीनदा.

बाहेरून पाना. तीनदा.

म्हणजे ऐकू जातंय. ऐकू जातंय त्यांना. मग उघडत का नाही? नीट झालं नसेल. परत पुसतो

माझ्याच घामाचे थेंब आहेत. भिंतीवर. जिथे पुसतो तिथे पुन्हा ओलं — माझंच — हात टेकला की हाताएवढं ओलं, श्वास सोडला की श्वासाएवढं. मी आहे तोवर कोरडं कसं होणार? फोरमनला हे माहीत

नाही. श्वास हळू घ्यायचा. भिंतीपासून लांब. मधोमध उभं राहायचं

पेन्सिल गरम

लेकीचं नाव घेतलं. इथे आवाज घुमतो, वाटलं तीच बोलतेय. बघू, म्हणते. बघू

रडायचं नाही. रडायचं असेल तर बाहेर. एकदा कोरडं झालं की उघडतील, तसं सांगितलंय, जावई सांगून गेलेत, एवढा एकच कोपरा राहिलाय, इथे रडलो तर परत ओ